पूल मोजून पाहिलेले व्हेनिस

व्हेनिसचे नाव उच्चारले की डोळ्यांसमोर एक ठरलेले चित्र उभे राहते : संथ कालवा, काळी लांबट नाव, तीत बिलगून बसलेले तरुण जोडपे आणि मावळतीचा प्रकाश. या चित्राने त्या शहराचे भले किती झाले ते तेथील व्यापारी जाणोत; साठी ओलांडलेल्या माणसांचे मात्र त्याने नुकसान केले आहे. ते शहर आपले नव्हे, तिथे जाण्याचे वय निघून गेले, असे त्यांनी परस्पर ठरवून टाकले आहे. आमच्या पिढीत लग्नानंतर महाबळेश्वरला चार दिवस जाऊन आलेल्यांना भाग्यवान समजत, आणि तेही थोरल्यांची रीतसर परवानगी घेऊन. मग सत्तरीच्या उंबरठ्यावर, पतीसोबत नव्हे तर मैत्रिणींसोबत, अशा ‘प्रणयनगरी’त जायचे म्हणजे लोकांना हसायला निमित्त देणेच.

गेल्या ऑक्टोबरात आम्ही चौघींनी ते निमित्त दिले. शुक्रवारी निघून सोमवारी परतलो. या सदरात आजवर गुडघे, झोप, पडण्याचे धोके, औषधांच्या वेळा आणि रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्यांचा थकवा यांविषयी सुटेसुटे लिहिले; या छोट्या सहलीत ते सारे विषय एकत्र येऊन भेटले, म्हणून आज प्रवासाविषयी.

आम्ही चौघी पुण्यातल्या एकाच महाविद्यालयात शिकलेल्या, वये ६६ ते ७१. एकीच्या दोन्ही गुडघ्यांची झीज झालेली आहे आणि शस्त्रक्रिया ती दर दिवाळीला पुढच्या दिवाळीवर ढकलते. दुसरीला पंधरा वर्षांचा मधुमेह. तिसरी मी, दोन्ही कानांना श्रवणयंत्रे लावते. आम्ही तिघी मुलांकडे युरोपात आलो होतो. चौथी म्युनिकमध्ये चाळीस वर्षे राहते. तिची स्वतःची प्रकृती कागदोपत्री उत्तम. तिच्या यजमानांना नऊ वर्षांपासून कंपवात, म्हणजे पार्किन्सन्सचा विकार आहे.

निघण्याच्या महिनाभर आधी आम्ही फोनवर एकमेकींना चार प्रश्न विचारले. न थांबता किती मिनिटे चालता येते? रात्री किती वेळा उठावे लागते? कोणते औषध जेवणाशी बांधलेले आहे? दुपारी आडवे व्हावे लागते का? ‘मला काही होत नाही गं’ हे वाक्य त्या संभाषणापुरते वर्ज्य ठरवले होते. समवयस्कांच्या सहलींचा विचका बहुधा याच वाक्याने होतो. घरच्यांबरोबर जाताना मुलगा किंवा सून आपल्याकडे पाहून ओळखते की आई दमली आहे. मैत्रिणींसमोर मात्र आपण वीस वर्षांचे असल्यासारखे चालू लागतो आणि तिसऱ्या दिवशी कुणीतरी खोलीत पडून राहते. गुडघेवालीने ‘वीस मिनिटे’ असे प्रामाणिक उत्तर दिले. मधुमेहवालीने जेवणाची वेळ अर्ध्या तासाहून अधिक चुकू नये असे सांगितले. चौथीचे उत्तर वेगळे होते. ‘मला यातले काहीच नाही. मी फक्त येऊ शकणार नाही.’

ती का येऊ शकत नव्हती आणि शेवटी कशी आली, हे सविस्तर सांगावेसे वाटते. या पाक्षिकाच्या कितीतरी वाचकांच्या घरी हीच परिस्थिती आहे.

जर्मनीत दीर्घकालीन शुश्रूषेचा विमा १९९५ पासून सक्तीचा आहे. रुग्णाला किती मदत लागते यावरून त्याच्या पाच श्रेणी ठरतात. घरी शुश्रूषा करणारी व्यक्ती आजारी पडली किंवा तिला नुसती विश्रांती हवी असली, तरी तिच्या जागी दुसऱ्या कुणाला ठेवण्याचा अथवा रुग्णाला काही दिवस शुश्रूषागृहात ठेवण्याचा खर्च हा विमा देतो. दुसऱ्या आणि त्यापुढील श्रेणींसाठी १ जुलै २०२५ पासून ही रक्कम वर्षाला ३,५३९ युरोंपर्यंत आहे. म्हणजे काळजी घेणारा माणूस दमतो आणि त्याला सुट्टी लागते, ही गोष्ट तेथील कायद्याने मान्य केली आहे. आमच्या मैत्रिणीला हा हक्क कित्येक वर्षे होता. तिने तो एकदाही वापरला नव्हता. कायदा रजा मंजूर करतो, मन करत नाही. ‘ते इथे घोटभर पाण्यासाठी कुणाची तरी वाट पाहत असतील आणि मी तिकडे होडीत बसून हिंडायचे?’ हे तिचे म्हणणे आपल्यापैकी अनेकींना आपलेच वाटेल.

यजमानांनीच शेवटी आग्रह धरला. मुलगा हॅम्बर्गहून तीन रात्रींसाठी आला आणि सकाळ-संध्याकाळ एक प्रशिक्षित परिचारिका यायची ठरली. निघण्यापूर्वी मैत्रिणीने दोन गोष्टी केल्या, त्या कुणीही कराव्यात अशा आहेत. पहिली, रंगीत तालीम. दोन आठवडे आधी ती एक रात्र मुद्दाम दुसऱ्या मैत्रिणीकडे झोपायला गेली आणि घर मुलावर सोपवले. त्या एका रात्रीत काय विसरले होते ते कळले : रात्री स्नानगृहातला दिवा लावून ठेवायचा असतो हे तिने कुणाला कधी सांगितलेच नव्हते. दुसरी, एका पानाचे टिपण. त्यात लेव्होडोपाच्या गोळीच्या वेळा होत्या, शेजारी ‘जेवणाआधी अर्धा तास, उशीर नको’ असे ठळक लिहिलेले. या विकारात गोळीला झालेला उशीर रुग्णाच्या हालचालींत लगेच दिसतो, आणि प्रथिनयुक्त जेवणासोबत घेतली तर ती नीट शोषली जात नाही. चालताना पाय एकाएकी जमिनीला खिळले तर हात धरून ओढायचे नाही. ‘एक-दोन, एक-दोन’ असा ताल धरायचा किंवा पुढे फरशीची रेघ दाखवून ‘हिच्यावरून पाय टाका’ म्हणायचे, हेही त्यात होते. आणि तळाशी, चहा कोणत्या कपात.

आपल्याकडे असा विमा नाही. घरची सून, बायको किंवा निवृत्त मुलगी हा भार वाहते आणि मदतीला कुणी आलेच तर ‘काही लागले तर सांगा’ म्हणून जाते. तेव्हा ‘मदत करा’ असे मोघम न मागता ‘शुक्रवारी रात्री दहापासून शनिवारी सकाळी सातपर्यंत तुम्ही इथे झोपायला याल का?’ असे नेमके मागावे. नेमक्या विनंतीला होकार देणे माणसांना सोपे जाते. दिराला, भाच्याला, शेजाऱ्यांना आपण नेमके कधी विचारले होते, हे प्रत्येकीने आठवून पाहावे.

म्युनिकहून व्हेनिसला थेट रेल्वेगाडी आहे. ती आल्प्समधील ब्रेनर खिंड ओलांडून व्हेरोनामार्गे सुमारे सात तासांत पोहोचवते. विमानापेक्षा आम्हाला ती बरी वाटली : तासातासाला उठून डब्यात फेरी मारता येते, स्वच्छतागृह हाताशी असते, आणि औषधे वरच्या फळीवरच्या पेटीत न ठेवता मांडीवरच्या पिशवीत ठेवली की झाले. अखेरची काही मिनिटे गाडी खाजणाच्या उथळ पाण्यावरून धावते. १८४६ मध्ये हा पूल झाला तोवर व्हेनिसला केवळ नावेनेच जाता येत असे.

स्थानकाबाहेर पाऊल टाकले की समोर कालवाच. मोटार नाही, रिक्षा नाही, दुचाकीही नाही. शंभराहून अधिक बेटांवर वसलेल्या या शहरात चारशेहून अधिक पूल आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांना दोन्ही बाजूंनी पायऱ्या आहेत. तरुण प्रवाशाला हे पूल छायाचित्रात शोभून दिसतात. झिजलेल्या गुडघ्याला ते चढावे लागतात, आणि त्याहून अवघड म्हणजे उतरावे लागतात. उतरताना गुडघ्याच्या वाटीवर पडणारा भार सपाटीवर चालण्याच्या मानाने कितीतरी अधिक असतो. चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा पाय आधी, आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात, हे या सदराच्या नित्य वाचकांना पाठ असेल. तिथे ते आम्हाला दिवसातून अनेकदा एकमेकींना म्हणून दाखवावे लागले.

या शहरात अंतर मीटरांत मोजायचे नसते, पुलांत मोजायचे असते, ही आमच्या सहलीची किल्ली ठरली. हॉटेल ठरवताना आम्ही न्याहारी, पंखे, खिडकीतून दिसणारे दृश्य यांपैकी काही विचारले नाही. दोनच प्रश्न विचारले : बोटीच्या थांब्यापासून तुमच्या दारापर्यंत किती पूल आहेत, आणि इमारतीत लिफ्ट आहे का? पहिल्या तीन ठिकाणांची उत्तरे अनुक्रमे ‘दोनच’, ‘छोटासा एक’ आणि ‘अगदी जवळ आहे’ अशी आली. चौथ्याने ‘एकही नाही’ म्हटले आणि आम्ही तिथे गेलो. दक्षिणेकडच्या त्सात्तेरे या रुंद, उन्हाच्या धक्क्यावर ते होते. पुलांवाचून कुठेकुठे पोहोचता येते ते दाखवणारा नकाशा व्हेनिसची महापालिकाच प्रसिद्ध करते. चाकांच्या खुर्चीवरील प्रवाशांसाठी तो केलेला असला, तरी तो गुडघेदुखीवाल्यांचाही नकाशा आहे.

त्या नकाशावर बोट ठेवून शनिवारचा मार्ग आखला तेव्हा एक नवल उलगडले. त्सात्तेरेवरून आत एक प्रशस्त रस्ता जातो. तो पूर्वी कालवा होता, पुढे बुजवला. अशा बुजवलेल्या कालव्यांना तिथे ‘रिओ तेरा’ म्हणतात. त्यावरून एकही पूल न चढता अकादेमियाच्या चित्रदालनापाशी जाता येते. तिथून बोट पकडून वल्लारेस्सो थांब्यावर उतरले की सेंट मार्कचा चौक दोन मिनिटांवर, पुन्हा पुलाशिवाय. शहरातले सर्वांत नावाजलेले चित्रदालन आणि सर्वांत नावाजलेला चौक, दोन्ही एकही पायरी न चढता पाहून झाले! चौकातल्या ९८ मीटर उंच घंटामनोऱ्यालाही लिफ्ट आहे. तो मनोरा १९०२ मध्ये कोसळला होता आणि १९१२ मध्ये होता तसाच पुन्हा उभारला गेला.

‘व्हापोरेत्तो’ ही बसप्रमाणे ठरलेल्या थांब्यांवर थांबणारी बोट आमचा खरा आधार होती. एका फेरीचे तिकीट साडेनऊ युरोंचे, सव्वा तास, म्हणजे ७५ मिनिटे चालणारे; तीन दिवसांचा पास ४५ युरोंचा. हिशेब केला तर पास महाग वाटत नाही, आणि त्याचा आरोग्यासाठी मोठा लाभ असा की एका थांब्यासाठीही बोटीत बसायला हात आखडत नाही. मोठा कालवा ओलांडायला अकादेमियाचा उंच लाकडी पूल आहे. १९३३ मध्ये तात्पुरता म्हणून बांधला आणि मग तसाच राहिला. आमची गुडघेवाली त्याच्या पहिल्या पायरीशी थांबली, वर पाहिले आणि म्हणाली, ‘पलीकडे काय आहे?’ आम्ही म्हटले, ‘इकडे आहे तसेच.’ मग बोटीने गेलो.

ही तक्रार नव्हे, पण सांगितलेच पाहिजे : या शहरात बसायला जागा कमी. चौकातल्या आणि पुलांच्या पायऱ्यांवर बसून खाल्ले तर दंड होतो. उपाहारगृहात बसून कॉफी घेतली तर उभ्याने घेतलेल्या कॉफीच्या दुप्पट-तिप्पट पैसे पडतात. सार्वजनिक स्वच्छतागृहाला दीड युरो. मूत्रविसर्जनाच्या भीतीने पाणी कमी पिणे आणि रक्तदाबावरची ‘पाण्याची गोळी’ मनानेच वगळणे, हे दोन्ही प्रकार ज्येष्ठ प्रवाशांत सर्रास चालतात आणि दोन्ही घातक आहेत. गोळीची वेळ बदलायची असेल तर निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. महाग कॉफीचे पैसे आम्ही खुर्चीचे भाडे समजून दिले. पाणी मात्र फुकट. गल्लीगल्लीत पिण्याच्या पाण्याचे जुने लोखंडी नळ अखंड वाहत असतात.

आता शनिवारच्या सकाळविषयी. डोजेच्या राजवाड्याची दहाची तिकिटे आधी काढलेली होती. आठ वाजले, म्युनिकची मैत्रीण झोपलेलीच. साडेआठ झाले. तिला उठवावे की नाही यावर आम्हा तिघींत हलक्या आवाजात चांगलाच वाद झाला. एक म्हणाली, इतक्या वर्षांनी बाहेर पडली आहे, राजवाडा चुकला तर हळहळेल, उठवू या. दुसरी म्हणाली, पैसे गेलेले आहेतच, झोप तरी जाऊ नये. नऊ वर्षे जी बाई रात्री दोनदा-तीनदा उठून कुणाला कूस बदलायला मदत करते, तिला राजवाड्यापेक्षा काय हवे असेल? अखेर त्या दोघी गेल्या आणि मी थांबले.

ती पावणेअकराला जागी झाली ती दचकूनच. डोळे उघडताच तिने विचारले, ‘वाजले किती? त्यांची गोळी!’ मी फोन पुढे केला. मुलाचा सातचा निरोप आलेला होता : गोळी दिली, चहा झाला, बाबा वर्तमानपत्र वाचताहेत. तिने तो दोनदा वाचला. मग पुन्हा पांघरूण ओढून घेतले आणि आणखी तासभर झोपली. दुपारी ती म्हणाली की जाग आल्यावर आपण कुठे आहोत हे तिला काही क्षण कळेना, आणि घरात कुणाची हाक नाही याची आधी भीती वाटली, मग लाज वाटली, मग काहीच वाटेनासे झाले.

शुश्रूषा करणाऱ्यांची तुटलेली झोप हा स्वतंत्र विकार मानून त्याकडे पाहायला हवे. रक्तदाब, साखर, स्मरण, चिडचिड, पडझड, सर्वांशी तिचे नाते आहे. पण रुग्णाबरोबर दवाखान्यात गेल्यावर डॉक्टर रुग्णाची झोप विचारतात, सोबत आलेलीची नाही. चौघींत सर्वांत धडधाकट म्हणून जिची नोंद केली होती तीच सर्वांत थकलेली निघाली, आणि तिच्या थकव्याला आमच्या चार प्रश्नांत जागाच नव्हती. पाचवा प्रश्न तिथे जोडला गेला : सलग सहा तास शेवटचे कधी झोपलीस? रविवारचा बेत मग आम्ही निम्म्यावर आणला. मुरानो-बुरानो ही काचेची आणि रंगीत घरांची बेटे राहिली. कुणाला त्याचे फारसे वाईट वाटले नाही. बुरानोला जायला बोटीने पाऊण तास लागतो आणि तिथे गर्दी असते, असे आम्ही स्वतःला समजावले.

माझ्या स्वतःच्या लाभाचीही एक गोष्ट सांगते. श्रवणयंत्र लावणाऱ्यांना ठाऊक असते की यंत्र आवाज वाढवते, पण सगळेच आवाज वाढवते. पुण्यात रस्त्याने चालताना मैत्रीण काय बोलते ते मला हॉर्न आणि इंजिने यांतून वेचून घ्यावे लागते, आणि तसे वेचून वेचून थकले की मी नुसतीच मान हलवते. व्हेनिसच्या गल्ल्यांत चाके नाहीत. पावले, पाण्याची चुळबुळ, मधूनच घंटा. तीन दिवस मी चालताचालता बोलू शकले, विनोद वेळेवर कळून वेळेवर हसू शकले. त्यासाठी त्या शहराला काय बिरुद द्यावे ते मला माहीत नाही.

खाण्याविषयी थोडक्यात. मक्याच्या जाडसर पिठाचा घट्ट सांजा म्हणावा असा पोलेंता, मटार घातलेला मऊ भात आणि भाज्या यांवर शाकाहारी माणसाचे भागते. कांदा, व्हिनेगर, बेदाणे घालून मुरवलेले तारली मासे हा जुन्या खलाशांचा पदार्थ. मासे टिकावेत म्हणून शोधलेला. रात्रीचे जेवण उशिरा मिळते. मधुमेहवालीने सहा वाजताच हॉटेलात थोडे खाऊन घेण्याचा नेम ठेवला, आणि तिच्या पिशवीत खाखरे व ग्लुकोज दोन्ही असत. रोजच्यापेक्षा अधिक चालले की साखर अनपेक्षितपणे खाली येऊ शकते, हे नवख्यांना सांगितलेले बरे.

‘प्रणयनगरी’ म्हणून गाजलेल्या या शहराचा आरोग्याच्या इतिहासाशी किती जवळचा संबंध आहे, हे फारसे सांगितले जात नाही. ‘क्वारंटाइन’ हा शब्द चाळीस या अर्थाच्या तेथील शब्दापासून आला. बाहेरून आलेल्या जहाजांना चाळीस दिवस वेगळे ठेवीत. १४२३ मध्ये व्हेनिसने एका बेटावर प्लेगच्या रुग्णांसाठी कायमचे रुग्णालय उभारले आणि १४६८ मध्ये दुसरे बेट संशयितांच्या विलगीकरणासाठी राखले. तरीही प्लेग येतच राहिला. ऐंशी ओलांडलेला थोर चित्रकार तिशियन १५७६ च्या साथीच्या काळात वारला. त्याचे अपुरे राहिलेले अखेरचे मोठे चित्र अकादेमियात आहे. आमच्या गुडघेवालीने त्याच्यासमोरच्या बाकावर तिची सगळी वीस मिनिटे खर्च केली.

१६३० मध्ये पुन्हा साथ आली. ती हटावी म्हणून नगरशासनाने एक मंदिर बांधण्याचा नवस केला आणि त्यातून मोठ्या कालव्याच्या तोंडाशी ‘सांता मारिया देल्ला सालूते’ हे चर्च उभे राहिले. ‘सालूते’ म्हणजे आरोग्य. दहा लाखांहून अधिक लाकडी खांब चिखलात ठोकून त्यांवर ते पेलले आहे. प्राणवायू न पोहोचणाऱ्या चिखलात लाकूड शतकानुशतके टिकते. १६८७ मध्ये ते पूर्ण झाले. दर वर्षी २१ नोव्हेंबरला व्हेनिसकर मोठ्या कालव्यावर टाकलेल्या तात्पुरत्या पुलावरून तिथे येतात आणि घरच्यांच्या आरोग्यासाठी मेणबत्ती लावतात. जगभरच्या चित्रांत प्रणयाची पार्श्वभूमी म्हणून दिसणारा तो पांढरा घुमट मुळात आजाऱ्यांसाठी बोललेला नवस आहे. बोटीचा थांबा त्याच्या अगदी पुढ्यात. रविवारी सकाळी आम्ही तिथे गेलो. म्युनिकची मैत्रीण आत बराच वेळ बसली. आम्ही तिला काही विचारले नाही.

शहराचे मुख्य रुग्णालयही असेच विस्मयकारक आहे. संगमरवरी कोरीव दर्शनी भाग पाहून कुणी त्याला राजवाडा समजेल. पूर्वी ती एका धर्मबंधुसंघाची वास्तू होती. रुग्णवाहिका म्हणजे बोट, आणि ती पाण्याच्या बाजूने आत शिरते. तातडीचा क्रमांक ११२. तो आम्ही चौघींच्या फोनमध्ये आणि पर्समधल्या चिठ्ठीवर, औषधांच्या मूळ नावांसह, लिहून ठेवला होता. वापरावा लागला नाही.

पडण्याची भीती मात्र खरी होती. पाण्यात उतरणाऱ्या दगडी पायऱ्यांवर हिरवे शेवाळ असते. स्थानिक माणूस तिथे चुकूनही पाय ठेवत नाही, छायाचित्रे काढणारे पाहुणे ठेवतात. बसस्थानकाजवळ २००८ मध्ये एक नवा, देखणा पूल उघडला. त्याच्या पायऱ्यांत काच बसवली होती. पावसात त्यांवरून इतकी माणसे घसरली की काच काढून दगड बसवण्याचा निर्णय महापालिकेला घ्यावा लागला. घर नव्याने सजवताना गुळगुळीत चकचकीत फरशी निवडणाऱ्यांनी हा पूल आठवावा. दोन युरोंत कालवा ओलांडून देणारी नाव असते, तिच्यात बहुधा उभे राहावे लागते. तोल जाणाऱ्यांनी ती मोह टाळून सोडून द्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

गोंडोलात मात्र बसलो. दिवसा अर्ध्या तासाचे नव्वद युरो ही ठरलेली सरकारी दरनिश्चिती आहे आणि एका नावेत पाच जण बसू शकतात, तेव्हा चौघींत वाटून ते परवडले. नावाड्याने एकेकीचा हात घट्ट धरून, ‘आधी मध्यभागी पाय’ असे खुणेने सांगत आत घेतले. गुडघेवालीला मागची गादीची रुंद बैठक दिली. शेजारून जाणाऱ्या नावेतले तरुण जोडपे आमच्याकडे कुतूहलाने पाहू लागले तेव्हा मधुमेहवालीने त्यांना हात केला. मुलीने उलट हात केला.

परतीच्या गाडीत म्युनिकची मैत्रीण तो पुलांचा नकाशा मांडीवर पसरून बसली होती. ऑक्टोबरअखेरीस तिथे मॅरेथॉन असते. त्यासाठी त्सात्तेरेच्या धक्क्यावरील पुलांवर उतरणी बसवतात आणि पुढे काही महिने त्या तशाच ठेवतात, म्हणजे चाकांची खुर्ची धक्क्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जाऊ शकते. हॉटेलच्या माणसाने तिला हे सांगितले होते. तिने पेन्सिलीने त्या पुलांवर खुणा केल्या. बोटीत खुर्ची चढते का, लिफ्टचे दार किती रुंद आहे, सातच्या गोळीनंतर न्याहारी खोलीत मिळेल का, असे तीन प्रश्न नकाशाच्या कडेला लिहिले. मग घरी फोन लावला आणि यजमानांना विचारले, ‘फेब्रुवारीत तुम्हाला थंडी सोसेल का हो?’